उशाशी बसलेले माणूस

दिवाळी अंकात दुखण्याचा विषय काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. फराळाच्या ताटात काढा कोण वाढील? पण कोकणात कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावल्यावाचून नरकचतुर्दशी साजरी होत नाही, हेही खरे. वाचकांनी हे चार शब्द त्या कारिटासारखे मानावेत आणि मग खुशाल चकलीकडे वळावे.

आपल्या नाटक-चित्रपटांना आजारी आणि अपंग माणसांची उणीव कधीच भासली नाही. पांगळा भाऊ, आंधळी बहीण, खोकून खोकून बेजार झालेला बाप, ही मंडळी हुकमी रडू आणण्यासाठी वर्षानुवर्षे कामाला जुंपलेली आहेत. त्यांच्यामुळे नायकाचा त्याग उजळून निघतो आणि नायिकेची परीक्षा होते. मात्र त्यांना पाणी कोण पाजते, त्यांची कूस कोण बदलते, औषधाची वेळ कोण सांभाळते, हे सारे पडद्यामागेच राहते. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि कंपवात, सिकलसेल यांसारख्या जन्माच्या सोबत्यांनाही त्यात जागा दिली. म्हणजे हा विषय घरोघरचा आहे. तो कलाकृतीत कसा येतो, हे पाहणे रसिकतेबाहेरचे काम नव्हे.

१९९१ सालचा ‘चौकट राजा’ या बाबतीत उंबरठ्यावर उभा आहे. लहानपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू दिलीप प्रभावळकरांनी असा उभा केला की तो घराघरातला होऊन बसला. त्याच्यासाठी राबणारी आई सुलभा देशपांडे यांनी तितक्याच ताकदीने साकारली. चित्रपटाने या मायलेकरांना मध्यभागी आणले, हे त्याचे श्रेय कोणी नाकारणार नाही. तरीही एक शंका राहते. नंदू फारच गोड आहे. त्याच्यावर प्रेम करायला आपल्याला काही श्रम पडत नाहीत. घरातला असा मुलगा रोज गोड नसतो. तो चिडतो, हट्टाला पेटतो, त्याची दाढ दुखते आणि ती त्याला सांगता येत नाही. गोडवा ही शुश्रूषेची अट होऊ नये.

२००४ साली प्रदर्शित झालेला संदीप सावंतांचा ‘श्वास’ हा उंबरठा ओलांडून आत येतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. ‘श्यामची आई’नंतर तब्बल अर्ध्या शतकाने राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मराठीत आले, ते या चित्रपटामुळे. कोकणातला परशुराम आणि त्याचे आजोबा शहरातल्या इस्पितळात येतात. डोळ्यांच्या पडद्याला कर्करोग झालेला. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. रडवण्यासाठी एवढे पुरेसे होते. पण चित्रपटाचा सारा ताण निराळ्याच प्रश्नावर उभा आहे: हे त्या पोराला सांगायचे कोणी आणि कसे? इस्पितळातली समाजसेविका, डॉक्टर आणि आजोबा या प्रश्नाभोवती घुटमळत राहतात. लहान असला तरी शरीर त्याचे आहे, त्याला विचारल्यावाचून त्याच्यावर शस्त्र चालवायचे नाही, ही साधी गोष्ट आपल्या पडद्यावर इतक्या गांभीर्याने क्वचितच आली असेल. उणीव सांगायची तर एवढीच, की शस्त्रक्रियेनंतर चित्रपट लवकर आटोपतो. परशुरामाचे पुढले दिवस, त्याची काठी, त्याची शाळा हा खरा उत्तरार्ध आपल्याला कल्पनेनेच पुरा करावा लागतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये उशाशी बसणारे माणूस थेट समोर येते. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री, म्हणजे डॉ. मोहन आगाशे, स्मृतिभ्रंशाने पोरके झाले आहेत. मुलगी इरा क्षणभर त्यांना मोटारीत सोडून जाते आणि ते एका हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची कानडी बायको चन्नम्मा त्यांना लेकराप्रमाणे भरवते. ‘श्वास’मधली समाजसेविका आणि ही चन्नम्मा दोन्ही अमृता सुभाष यांनीच रंगवल्या, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. इराची चिडचिड, अपराधीपण आणि थकवा न लपवण्याचे धैर्य या चित्रपटात आहे. पण चन्नम्मेपाशी मी अडखळतो. गरीब बाईच्या ठिकाणी माया उपजतच असते, असे मानणे आपल्या सोयीचे असते. मग तिला मोबदला द्यायला नको आणि इराला सुट्टी मिळते की नाही, हेही विचारायला नको.

या सर्वांहून निराळा स्वर नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाचा आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या या मुलीला धीर आला, तो प्रवचनाने नव्हे. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले बाबूकाका दिवाण फेरफार केलेली मोटार चालवतात, हे तिने पाहिले. पुढे १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. अपंगत्व म्हणजे आजार नव्हे, पण अपंग शरीरालाही आरोग्य लागते: शय्याव्रण टाळणे, मूत्रमार्ग स्वच्छ ठेवणे, जिना नसलेली वाट, पोटापुरते काम. असल्या गोष्टींचे महत्त्व ज्याच्या अंगावरून गेले आहे, त्याच्याच लेखणीतून नीट कळते.

हे सारे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी नाटकांची परीक्षणे लिहीत असे. करुणरसावर माझी चांगलीच हुकमत होती. आई घड्याळाचा गजर लावून रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत असे. एकदा ती तापाने पडली. गजर झाला, मी उठलो, आणि वडिलांच्या खांद्याखाली हात कसा घालायचा हेच मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे त्याच घरात राहून मी ते कधी पाहिलेच नव्हते. शेवटी आईच भिंतीला धरून उठली.

त्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे तिने मला हाक मारली. वडिलांना तेल लावताना पाठीवर कुठे लालसर झाले आहे का, ते कसे पाहायचे हे तिने दाखवले. मग पाण्यात हात बुडवून तिने वडिलांनाच विचारले, “अहो, फार कढत नाही ना?” त्यांना बोलता येत नसे. त्यांनी पापणी मिटून उघडली. मग तिने तांब्या माझ्या हातात दिला.