वृक्षछत्रापलीकडील जैवविविधता : उपग्रहाधारित वनमोजणीची एक समीक्षा

बीजसंज्ञा : सुदूर संवेदन, वनाच्छादन, जांभा पठारे, अधिवास

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजेच भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के आहे. हा आकडा पाठ्यपुस्तकांतून व परिसंवादांतून 'देशातील जंगल' या अर्थाने उद्धृत केला जातो. पुष्कळदा तोच जैवविविधतेचा निर्देशांक म्हणूनही पुढे केला जातो. या दुसऱ्या वापराची तपासणी होणे आवश्यक आहे.

अहवालाची व्याख्या संदिग्ध नाही. किमान एक हेक्टर क्षेत्रावर १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असल्यास ती जमीन वनाच्छादित मानली जाते. मालकी कोणाची, कायदेशीर दर्जा काय, झाडे कोणत्या जातीची, हे प्रश्न तेथे गैरलागू ठरतात. परिणामी कोकणातील काजूची बाग, सागाची एकजातीय लागवड आणि सह्याद्रीतील सदाहरित रान ही सर्व एकाच बेरजेत समाविष्ट होतात. घनतेनुसार अतिदाट, मध्यम दाट व खुले असे वर्ग पाडले जातात हे खरे. परंतु दाट बाग आणि दाट रान यांतील भेद घनतेने उलगडत नाही.

यामागे साधनाची मर्यादा आहे. या मोजणीत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या लिस-३ संवेदकाचा एक पिक्सेल जमिनीवरील २३.५ मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे सुमारे ५५० चौरस मीटरचा तुकडा दर्शवितो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या फरकावरून हिरवाईचे मापन होते. उपग्रह हिरवाई टिपतो. ती कोणाची, हे सांगण्यासाठी प्रत्यक्ष जमिनीवर जावे लागते. तथापि या पद्धतीचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. पहिल्या अहवालाचे नकाशे १:१०,००,००० प्रमाणावर होते; २००१ च्या अहवालापासून संपूर्ण देशाचे अंकीय विश्लेषण १:५०,००० प्रमाणावर होऊ लागले. वनाची कागदोपत्री हद्द आणि प्रत्यक्ष झाडोरा यांतील तफावत त्यामुळेच उघड झाली.

या मोजणीची खरी कसोटी लागते ती सातारा जिल्ह्यातील कास पठारावर व कोकणातील सड्यांवर. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर इतका पातळ असतो की मोठे झाड तेथे सहसा उभे राहत नाही. परंतु पावसाळ्यात याच कातळावर गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कंदीलपुष्प व विविध आमऱ्या उगवतात, फुलतात आणि ओल सरताच बीज वा कंद मागे ठेवून दिसेनाशा होतात. कास हे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांपैकी एक होय. असे असूनही छत्राच्या मोजमापात उघड्या कातळाचे मूल्य शून्यच राहते. शिवाय वनमोजणीसाठी प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील निरभ्र प्रतिमा निवडल्या जातात, कारण पावसाळी ढगांतून प्रकाशीय संवेदक पाहू शकत नाही. म्हणजे पठार बहरलेले असते तेव्हा उपग्रह आंधळा असतो, आणि त्याला दिसू लागते तेव्हा पठार सुकू लागलेले असते. ऋतूंचा हा योगायोग तांत्रिक अहवालांत फारसा चर्चिला जात नाही.

केवळ दुर्लक्षच झाले असते तर हानी मर्यादित राहिली असती. मात्र पडीक भूमीच्या नकाशांत अशी पठारे खडकाळ किंवा झुडपी जमीन म्हणून नोंदली जातात, आणि 'पडीक' हा शब्द आपल्याकडे निमंत्रणासारखा वाचला जातो. सड्यावर सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरची माती भरून आंब्याची कलमे लावली आणि त्यांचे छत्र पुरेसे वाढले, की ती जमीन वनाच्छादनात जमा होऊ शकते. अहवालाच्या भाषेत ती वाढ असते; सड्यावरील वनस्पतींच्या बाबतीत तो अधिवासाचा अंत असतो. सोलापूरकडील माळढोकाच्या माळरानावर झाडे लावली, तरी हिशेब असाच उलटा पडतो.

सुधारणेचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या वनस्पती-प्रकार नकाशात उपग्रह प्रतिमांना पंधरा हजारांहून अधिक क्षेत्रीय नमुन्यांची जोड देण्यात आली. त्यामुळे नुसत्या घनतेऐवजी वनस्पतींचे प्रकार नकाशावर आले. मधुसूदन व वनक यांनी निमशुष्क प्रदेशातील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा स्वतंत्र नकाशा तयार केला. गवताळ माळांना 'नसलेले जंगल' न मानता त्यांच्याच नावाने मोजणे, हे त्याचे महत्त्व. जुलै २०२५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या निसार उपग्रहाचे रडार ढगांतूनही जमीन पाहू शकते. मात्र रडारला जमिनीची ओल व झाडोऱ्याची रचना कळते; बोटभर उंचीच्या गेंदाची जात त्याला ओळखता येणार नाही. सड्यांपुरते बोलायचे तर प्रतिमेतून कातळाची सीमा, चिऱ्यांच्या खाणी व नव्या बागांचा विस्तार वर्षागणिक आखता येतो, आणि हे काम उपग्रहाइतके चांगले अन्य कशानेही होत नाही. जातींची गणना मात्र ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात, चौरस आखून, गुडघे टेकूनच करावी लागते. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना ते अशक्य नाही. अडचण एवढीच की याच महिन्यांत सत्राचे अध्यापन ऐन भरात असते.