मुंबईचे हरवलेले रॉक क्लब : सचिनहून पाहताना

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय सुचवला तेव्हा एकाने सरळ विचारलं, ‘अहो, सचिनचा आणि रॉकचा काय संबंध?’ प्रश्न रास्त होता. आपल्याकडे इतिहास म्हणजे नवाबांचा वाडा, जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याला १७९१ च्या करारानं मिळालेलं छोटं संस्थान आणि पुढे आलेली जीआयडीसी. रॉकचा क्लब सचिनमध्ये कधी नव्हता, सुरतेतही मी पाहिलेला नाही. तरीही हा निबंध मी सचिनहूनच लिहितोय. कारण मुंबईच्या या क्लबांबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक आत बसलेल्यांनी लिहिलेलं आहे. दाराबाहेरून किंवा अडीचशे किलोमीटरवरून ते कसं दिसायचं, हे कोणी सांगत नाही.

आधी संबंध सांगतो. १९४८ मध्ये सचिन संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा सचिनला आणि चर्चगेटला सारखाच लागू होता. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली. गुजरातनं तो कायदा घट्ट धरून ठेवला, महाराष्ट्रानं परवान्यांच्या वाटेनं तो हळूहळू सैल केला. रॉक क्लब हा धंदा म्हणून पाहिला तर त्याचं गणित साधं असतं : खाण्यापिण्याच्या बिलातून वादकांचा पगार निघतो. पिण्याचं बिलच नसेल तर रोज रात्री पाच वादक कोण पोसणार? म्हणजे ‘गुजरात्यांना असल्या गाण्यांची आवडच नाही’ हे जे ऐकवलं जातं, त्यात आवडीपेक्षा हिशोबाचा भाग मोठा आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मुंबईलाही तो लागू होणार आहे.

आता मुंबई. या क्लबांची मुळं चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत आहेत. गेलॉर्ड, व्होल्गा, अ‍ॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस. तिथे जॅझ वाजायचं आणि वाजवणारे बरेचसे गोव्याचे. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री रेस्टॉरंटात. ख्रिस पेरी आणि लॉर्ना व्हेनिसमध्येच गायचे-वाजवायचे. साठच्या दशकात बीटल्सचं वारं आलं आणि कॉलेजातल्या पोरांनी गिटारी हातात घेतल्या. मग ताजमधलं ‘ब्लो अप’, कुलाब्यातलं ‘स्लिप डिस्क’. सिमला सिगरेटच्या नावानं ‘सिमला बीट’ स्पर्धा व्हायच्या, त्यातल्या बँडांच्या रेकॉर्डी १९७० आणि १९७१ साली निघाल्या. आज त्या दोन रेकॉर्डी हा त्या काळाचा जवळजवळ एकमेव ऐकू येणारा पुरावा आहे. तोही मिळाला तो सिगरेट कंपनीच्या जाहिरातीच्या कृपेनं!

या काळाबद्दलचा कुठलाही लेख उघडा, एक गोष्ट हमखास सापडेल : १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट स्लिप डिस्कमध्ये आले आणि तिथलीच वाद्यं घेऊन वाजवायला उभे राहिले. गोष्ट खरी आहे आणि मलाही ती आवडते. पण समीक्षा म्हणून विचाराल तर या एका रात्रीनं त्या क्लबच्या इतिहासाचं नुकसानच केलंय. क्लब महत्त्वाचा का? तर तिथे विलायतेचे पाहुणे येऊन गेले म्हणून! मग बाकीच्या रात्री तिथे कोण वाजवत होतं? त्यांना किती मिळत होते? वाद्य बिघडलं तर दुरुस्त कोण करायचं? याबद्दल त्या लेखांत चार ओळी सापडल्या तरी नशीब. गावात एकदा राजा मुक्कामाला आला म्हणून त्या गावचा इतिहास तेवढ्याच रात्रीचा लिहावा, तसं हे झालं.

दुसरी तक्रार सोनेरी काळाची. माझ्यासारखे चाहतेच याला जबाबदार आहेत. त्या क्लबांत जे वाजायचं त्यातलं बरंचसं दुसऱ्यांचं होतं. रेकॉर्ड आणायची, सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून ऐकायची आणि हुबेहूब वाजवायचं. जितकं हुबेहूब तितक्या टाळ्या. स्वतःचं गाणं काढलं की लोक टेबलाकडे वळायचे. हे मी चाहता असूनही कबूल करतो. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’नं, म्हणजे उदय बेनेगल, महेश टिनईकर आणि मंडळींनी, १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा ती नवलाची गोष्ट ठरली ती यामुळेच. यांनीच पुढे ‘इंडस क्रीड’ नाव घेतलं.

पण नक्कल म्हणून सगळं झटकून टाकणंही चूक आहे, आणि इथे मराठी वाचकानं एक नाव लक्षात ठेवायला हवं : नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे घर मराठी रंगभूमीचं. हा मुलगा सत्तरच्या दशकात ‘सॅव्हेजेस’ आणि ‘वेल्व्हेट फॉग’ या बँडांत इंग्रजी रॉक गात होता. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यानं जूडास गाजवला. आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी रंगमंचावर आणलं, तेव्हा आनंद मोडकांच्या बरोबरीनं संगीताच्या बाजूला हाच नंदू भेंडे होता. ब्रेख्तचं नाटक, तमाशाचा बाज आणि त्यात रॉकचा गळा. असा गळा संगीताच्या क्लासात तयार होत नाही. समोर प्लेटा वाजताहेत, लोक बोलताहेत, आणि त्यातून आवाज शेवटच्या टेबलापर्यंत न्यायचाय, ही तालीम बँडमध्येच होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या तालमीचा हिशोब कुठे मांडलेला मी वाचला नाही. आपल्या इंग्रजी लेखांत ‘तमाशा’ नसतो आणि मराठी लेखांत ‘वेल्व्हेट फॉग’ नसतो. माणूस मात्र एकच होता. २०१४ मध्ये तो गेला.

मग क्लब गेले कुठे? नेहमीचं उत्तर : डिस्को आला, हिंदी सिनेमानं सगळं गिळलं, पोरांची आवड बदलली. मला हे पटत नाही. आवड बदललीच, पण आवड असतानाही जागा गेल्या. एकेक पाहू.

मरीन ड्राइव्हवरचा सूना महाल. त्याच्या तळमजल्यावर एके काळी ‘टॉक ऑफ द टाउन’ होतं, पुढे ‘नॉट जस्ट जॅझ बाय द बे’ होतं. आता तिथे पिझ्झा मिळतो. इमारत मात्र जशीच्या तशी, २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलेल्या आर्ट डेको समूहातली. जुहूचं ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ हॉटेलातलं, शतक बदलण्याच्या सुमाराचे कितीतरी नवे बँड तिथे उभे राहिले. हॉटेलचा बेत बदलला की गाणं उठणारच. लोअर परळचं ‘ब्लू फ्रॉग’ तर मथुरादास मिलच्या आवारात. २००७ मध्ये उघडलं, २०१६ मध्ये बंद. काढणाऱ्यांत आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे संगीतकारच होते, आवाजाची व्यवस्था उत्तम. मालक वादक असूनही ते टिकलं नाही, कारण पायाखालची फरशी वादकांची नव्हती.

त्या फरशीबद्दल आम्ही सचिनकर बोलू शकतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कापडाचं काम यंत्रमागांकडे आधीच सरकू लागलं होतं, ते आणखी सरकलं : भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत. खानदेशातून लूमवर आलेल्या हजारोंपैकी माझे वडील एक. लूमच्या खोलीत शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. तिकडे रिकाम्या गिरणीत पुढे गिटारी वाजल्या आणि इकडे आमच्या घरात गिरणीचा खडखडाट आला. मोठा आवाज म्हणजे त्रास हे मला शिकवावं लागलं नाही. मोठ्या आवाजात आनंदही असतो हे मात्र मला मुंबईत कळलं.

ते कळलं रंगभवनला. आणि माझं म्हणणं असं, की शोक करायचाच तर या एका जागेचा करावा, जी क्लब नव्हतीच. धोबीतलाव, झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं सरकारी खुलं नाट्यगृह. १९७८ ची पहिली ‘जॅझ यात्रा’ तिथे झाली. १९८६ पासून ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथे भरू लागलं. क्लबात जायचं तर जोडी हवी, बूट हवेत, दारावरच्या माणसाशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. रंगभवनला तिकीट हवं, बस्स. कल्याणची, डोंबिवलीची, विरारची पोरं लोकलनं यायची.

मी नव्वदच्या दशकात जायचो. पहाटे सुरतहून फ्लाइंग राणी, तिच्या दुमजली डब्यात वरची खिडकी मिळाली तर चैन. परतीची राणी संध्याकाळीच सुटायची, म्हणजे कार्यक्रम ऐकायचा तर मुक्काम आला. तो गिरगावात मामांच्या खोलीवर. मामेभाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मला नेणारा तोच. पहिल्याच वर्षी पाऊस आला, कोणी उठलं नाही. वादकांनी वायरी प्लास्टिकनं झाकल्या आणि पुन्हा सुरू केलं. माझ्या शेजारचा मुलगा मला मराठीत म्हणाला, ‘थांब रे, आता खरं चालू होईल.’ तोवर मला वाटत होतं की इथे मराठीत बोललं तर लोक हसतील.

ही जागा का बंद पडली? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्या भोवतालचं किमान १०० मीटर अंतर शांतता क्षेत्र. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. रंगभवनच्या एका अंगाला कॉलेज, जवळच कामा आणि जीटी रुग्णालयं. पुढच्या काही वर्षांत तिथला रॉक थांबला. मी इथे ओरड करणार नाही. खाटेवर पडलेल्या माणसाचा हक्क माझ्या गिटारच्या आधी येतो. चूक नियमात नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत आहे. एक स्वस्त, मध्यवर्ती, सरकारी जागा काढून घेतली, तिच्या बदल्यात तशीच दुसरी दिली नाही. ‘इंडिपेंडन्स रॉक’ उपनगरातल्या मैदानांत फिरलं आणि बाकीचं गाणं महागड्या फरशांवर गेलं. आज रंगभवनची गल्ली म्हटलं की २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आणि करकरे, कामटे, साळसकर आठवतात. ते आठवायलाच हवेत. पण त्या नावाखाली आणखीही एक आठवण आहे, ती पुसट होत चालली आहे.

आपण वारसावाले यात कुठे बसतो? मुंबईची १९९५ ची वारसा नियमावली इमारतींना श्रेणी देते : दर्शनी भाग, जिने, छज्जे. आत काय चालायचं याला श्रेणी नाही. रंगभवन शांत होत होतं त्याच सुमारास, २००३ मध्ये, युनेस्कोनं अमूर्त वारशाचा करार केला. पण अमूर्त वारसा म्हटलं की आपल्याला लावणी, वासुदेव, गोंधळ सुचतो. पंचवीस वर्षांपूर्वी पावसात वाजलेली इलेक्ट्रिक गिटार सुचत नाही. परकी वाटते. सचिनच्या नवाबांच्या घराण्याशी जिचं नाव जोडलं जातं ती फातमा बेगम मुंबईला जाऊन सिनेमा काढू लागली, तिची मुलगी झुबेदा १९३१ च्या ‘आलम आरा’ची नायिका झाली, तेव्हा सिनेमाही परकाच होता. आज आपण अभिमानानं त्यांची नावं घेतो.

शेवटी माझी स्वतःची चूक सांगतो, कारण हा निबंध त्यातूनच आला. मामेभाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. चाळ पुनर्विकासात निघाली तेव्हा खोली रिकामी करायला मी गेलो होतो. पलंगाखाली बुटांचा एक खोका होता : तिकिटांची अर्धुकं, हातानं छापलेली पत्रकं, आणि साध्या टेपरेकॉर्डरवर रंगभवनला भरलेल्या सात-आठ कॅसेटी. टेम्पो खाली उभा होता, भाडं वाढत होतं. मी दोन कॅसेटी खिशात घातल्या आणि खोका रद्दीवाल्याला दिला. गावाकडच्या जुन्या वहीत मोडीतली एक ओळ दिसली तरी मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो. तो मी!

उरलेल्या दोनांपैकी एक कॅसेट चिकटली. दुसरी वाजते. गाणं नीट कळत नाही, गिटार फाटल्यासारखी येते. पण दोन गाण्यांच्या मध्ये कोणी चहा मागतो, कोणी वेळ विचारतो, पाऊस पत्र्यावर पडल्याचा आवाज येतो आणि एकदा मामेभाऊ माझं नाव घेऊन हाक मारतो. तेवढी मी डिजिटल करून घेतली आहे. खोळीवर तारीख नाही, बँडची नावं नाहीत.

तेव्हा मंडळींना विनंती. घरात, माळ्यावर, कुणा काकाच्या पेटीत अशी पत्रकं, अर्धुकं, फोटो असतील तर आधी मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा : जागा कोणती, साल कोणतं, कोण वाजवत होतं, तिकीट किती होतं, आणि दारावरून परत कोणाला पाठवलं. शेवटचं विसरू नका. मग टाकायचं की ठेवायचं ते ठरवा. टेम्पोला थोडं जास्त भाडं द्यावं लागलं तरी चालेल.