इसिदासीची मैत्रीण

थेरीगाथेच्या चत्तालीसनिपातात इसिदासी थेरीचे दीर्घ आत्मकथन आहे. टाकून दिलेल्या स्त्रीची कैफियत म्हणून ते वाचण्याचा प्रघात आहे. परंतु जिच्यामुळे ही कथा सांगितली गेली, ती बोधी अभ्यासकांच्या नजरेतून निसटते. पाटलिपुत्रात दोन भिक्षुणी भोजन आटोपून, पात्रे धुऊन एकांतात निवांत बसल्या आहेत. रूप आणि तारुण्य असताना कोणता दोष पाहून तू प्रव्रजित झालीस, असे बोधी विचारते. मूळ पालीतील क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. ‘तुझ्यावर काय ओढवले’ असा हा प्रश्न नाही. ‘तू काय पाहिलेस’ असा आहे. सोसणाऱ्या स्त्रीला पाहणारी स्त्री मानणारा हा प्रश्न मैत्रीणच विचारू शकते.

इसिदासीचे उत्तर आजही अस्वस्थ करते. ती उज्जैनीच्या श्रेष्ठीची लाडकी कन्या. साकेतच्या धनाढ्य घरी दिली गेली. सकाळ-संध्याकाळ सासूसासऱ्यांच्या पाया पडणे, दीर-नणंदा दिसताच उठून आसन देणे, रांधणे, भांडी घासणे, दासीप्रमाणे पतीचा साजशृंगार करणे, ही सारी यादी ती शांतपणे सांगते. तरीही पतीला ती नकोशी होते. येथे सासूसासरे खलनायक नाहीत. ते तिची चौकशी करतात, दुःखी मनाने तिला माहेरी पोहोचवतात. दुसरा विवाह महिनाभर टिकतो, तिसरा पंधरवडा. म्हणजे दोष कोणा एका दुष्टाचा नाही. ‘आदर्श पत्नी’ ही भूमिका तंतोतंत पार पाडूनही स्त्रीला आसरा मिळत नाही, हे इसिदासीने पाहिले आहे. आपण काही अपराध केला नाही, असे ती सासूसासऱ्यांना स्पष्ट सांगते.

आणि नेमके येथेच काव्य मागे फिरते. जिनदत्ता थेरी भिक्षेसाठी दारी येते, इसिदासी प्रव्रज्या मागते, आणि सातव्या दिवशी तिला मागील सात जन्म आठवतात. पूर्वी सोनार असताना केलेल्या परस्त्रीगमनाचे हे फळ, असा निवाडा होतो. अपराध न केलेल्या स्त्रीला मागच्या जन्मातला अपराध शोधून दिला जातो. आंबेडकरी वाचकाने हा भाग श्रद्धेने गिळू नये. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा नाकारला आहे. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला टाळता यावी यासाठीच हा सिद्धांत उपयोगी पडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. इसिदासीच्या कथेत साकेतचा तो पती या सिद्धांतामुळेच निर्दोष सुटतो. माझ्या मते काव्याचा पूर्वार्ध अनुभवाचा आहे आणि उत्तरार्ध चौकटीचा. उत्तरार्धात बोधी पुन्हा बोलतच नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. कर्माचा हिशेब पूर्ण झाल्यावर मैत्रिणीला विचारण्याजोगे काही उरत नाही.

ही कसोटी घेऊन मराठी कथेकडे वळावे. मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले, तेव्हा सुशिक्षित अविवाहित स्त्रीचे मन प्रथमच इतक्या उघडपणे छापले गेले आणि केवढा गदारोळ झाला! त्या धैर्याविषयी दुमत नाही. पण शीर्षकातला शब्द निःश्वास आहे. निःश्वासाला श्रोता मिळतो, प्रश्नकर्ती नव्हे. पुढील मराठी कथेतही मैत्रीण बहुतेक वेळा रडण्यासाठी खांदा पुरवते आणि नायिकेच्या लग्नाचा प्रश्न मिटला की कथेतून निघून जाते.

बोधीचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुन्हा विचारला गेला तो कथेबाहेर. उर्मिला पवार आणि ‘आम्ही मैत्रिणी’ हे नियतकालिक चालविणाऱ्या मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. १९८९ चे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक त्यातून सिद्ध झाले. दोन स्त्रिया तिसरीसमोर बसतात आणि तिने काय केले, काय पाहिले ते विचारतात. उत्तरात पूर्वजन्म नाही. परिषदा, सभा, सत्याग्रह आहेत. पवारांच्याच ‘आयदान’मध्ये (२००३) डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायकांची थट्टामस्करी आहे, आणि तीतही दुःख सांगण्याइतकेच एकमेकींना जोखणे आहे. हे आत्मकथन असले, तरी आपल्या कथाकारांनी शिकावे असे पुष्कळ त्यात आहे.

कल्याणमित्रता म्हणजे निम्मे ब्रह्मचर्य, असे म्हणणाऱ्या आनंदाला तथागतांनी ते संपूर्ण ब्रह्मचर्य असल्याचे सांगितले. वर्षावासात मेहकरपासून मुंबईपर्यंतच्या विहारांत ग्रंथवाचनाला बसणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या मोठी असते. वाचन संपल्यावर पायरीवर त्या आपसात जे बोलतात, ते अजून मराठी कथेत यायचे आहे.