सूप कोणी विणले? : गिरणगाव, कोकण आणि शोकाचे हस्तकर्म

१

प्रवाहवार वाटणीने मराठी समीक्षेची सोय पुष्कळ केली आणि अडचणही तितकीच केली. ग्रामीण, दलित, कामगार, प्रादेशिक असे कप्पे एकदा पाडले की लेखकाला जागा देणे सोपे होते. परंतु ज्या घरातून तो लेखक आला त्या घराला मात्र जागा उरत नाही. लालबाग-परळच्या चाळीतील एका खोलीचा विचार केला तरी हे ध्यानात येईल. पुरुष साचेखात्यात पाळी करतो, दहा-बारा गाववाल्यांच्या सामाईक खोलीत वळकटीपुरत्या जागेवर झोपतो आणि खानावळीत जेवतो. त्याची बायको रत्नागिरीकडील एखाद्या वाडीत भात लावते, गुरे पाहते आणि मनीऑर्डरची वाट पाहते. हे घर ग्रामीण की नागर? या घरातील अनुभव कामगार साहित्याचा की प्रादेशिक साहित्याचा? प्रश्नच चुकीचा आहे, कारण घर एकच आहे. फक्त ते दोन ठिकाणी उभे आहे.

या दोन ठिकाणांचा सांधा म्हणजे सण. शिमगा आणि गौरी-गणपती या दोन वेळी गिरणगावातील कोकणी माणूस गावाकडे निघत असे. आपल्या समीक्षेने या प्रवासाकडे बहुधा स्मरणरंजन म्हणून पाहिले: शहरात कष्टणारा माणूस गावाच्या रम्य आठवणीत विसावतो, इतकेच त्याचे आकलन झाले. डाव्या भूमिकेतून लिहिणाऱ्यांनी त्याच प्रवासाला वर्गजाणिवेचा अडसर मानले. या दोन्ही आकलनांत एक गोष्ट समान आहे. सण म्हणजे कामापासूनची सुटका, असे दोघांनीही गृहीत धरले. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या घरासाठी सण ही सुटका नव्हती; वर्षभराच्या वियोगाचा आणि मृत्यूचा हिशेब पुरा करण्याची ती वेळ होती, आणि तो हिशेब शब्दांपेक्षा हातांनी, म्हणजे वस्तू घडवून, मांडला जाई.

२

यामागील व्यवहार समजून घेतला पाहिजे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला. त्यापूर्वीच्या पिढ्यांचा मार्ग एसटीचा, आणि त्याही आधी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटींचा. दक्षिण कोकणाकडे जाणारी ही वाहतूक पावसाळ्यात बंद पडत असे. घाटमार्गाचा प्रवास लांबचा आणि खर्चाचा. आषाढात गावी कोणी गेले तर मुंबईतल्या मुलाला तार मिळेपर्यंत अंत्यविधी उरकलेले असत. बदली कामगार असेल तर खाडा करण्याचीही भीती, कारण त्याच्या जागेवर उभे राहायला गिरणीच्या फाटकाशी दुसरा बदली ताटकळत असे. म्हणून आषाढातला शोक भाद्रपदापर्यंत थांबे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा होई आणि त्याच वाटेने सणही येई, राहिलेले रडणेही येई. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरने आपल्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, ते टिकवावे, अशी भूमिका घेतली होती. त्या नात्यात शोकाचाही वाटा होता, हे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसणारे नव्हते.

भाद्रपदात भात पोटरीला आलेले असते. लावणी सरली आहे, कापणी यायची आहे; शेताच्या कामातील ही उसंत सणाने धरली आहे. या उसंतीत कोकणातील घर जे करते ते जवळजवळ सर्व हाताने घडवण्याचे असते. गणपतीचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन दिला जातो. मूर्ती जिथे घडते त्या जागेला कोकणात ‘शाळा’ म्हणतात आणि लालबागेत ‘कारखाना’ म्हणतात, हा शब्दभेदच गाव आणि गिरणगाव यांच्यातील अंतर सांगून जातो. मूर्तीच्या डोक्यावर माटवी बांधली जाते. तिला सुपारीचे शिपटे, नारळ, तवसे, कवंडळे आणि रानातल्या वेली टांगल्या जातात. तेरड्याची गौर होते. आणि सवाशिणी सुपात फळे-पाने भरून गौरीपुढे ओवसा करतात.

या मांडणीत मृत्यूची जागा कोठे आहे? ती न घडवण्यात आहे. ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेले, तेथे सण होत नाही. गावोगाव प्रथा बदलते, पण रिकामा पाट आणि न बांधलेली माटवी हीच त्या घराची शोकभाषा असते. आरास नसणे हे एक विधान आहे आणि ते साऱ्या वाडीला वाचता येते. लोकपरंपरेने शोकाला असा दृश्य आकार दिला, तो आकार हातांच्या थांबण्याने व्यक्त होतो आणि पुढच्या वर्षी हात पुन्हा चालू लागले की घर पुन्हा जगात आले असे मानले जाते. येथपर्यंतचे वर्णन कोणालाही रम्य वाटावे असे आहे. म्हणूनच ते येथे थांबवता येत नाही.

३

ओवशाच्या त्या सुपाकडे पुन्हा पाहू. त्यात दोन बायका नाहीत. पहिली, विधवा. ज्या बाईचा नवरा गेला तिचे सूपच काढून घेतले जाते. घर वर्षभराने सणात परत येते, ती परत येत नाही. कुटुंबाच्या शोकाला मुदत आहे, तिच्या शोकाला नाही. शोकाचा निचरा करणारा म्हणून ज्या विधीचे कौतुक आपण करतो, तो विधी ज्या व्यक्तीचे नुकसान सर्वांत मोठे तिलाच बाहेर ठेवतो.

दुसरी अनुपस्थित बाई म्हणजे ते सूप विणणारी. येथे ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन निर्णायक ठरते. आयदान म्हणजे बांबूच्या सुपे, रोवळ्या, टोपल्या अशा विणलेल्या वस्तू. इतरत्र हे काम बुरूड समाजाचे. कोकणात मात्र ते महार कुटुंबांकडे होते. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातील बायका डोंगर उतरून बाजाराला ओझी घेऊन जातात, त्या वाटेपासून हे आत्मकथन सुरू होते. लेखिकेच्या बालपणीच शिक्षक असलेले वडील जातात आणि आई आयदाने विणून घर चालवते, मुलांचे शिक्षण तडीला नेते. ती आयदाने गिऱ्हाइकाच्या दारी पोचवण्याचे काम मुलीकडे असते. वस्तू खाली ठेवायची, तिच्यावर पाणी शिंपडले जायचे, मग ती घरात जायची. पैसे वरून हातावर टाकले जायचे.

हा तपशील वाचल्यानंतर ओवशाचे सूप पहिल्यासारखे दिसत नाही. गौरीपुढच्या सुपाची वीण एका विधवेच्या हातची असू शकते, आणि त्या सणात तिला जागा नाही: एकदा जातीमुळे, दुसऱ्यांदा वैधव्यामुळे. घडवणाऱ्या हातावाचून सण होत नाही आणि घडवणारा हात सणाला चालत नाही. ग्रामीण हस्तव्यवसायाविषयीचे आपले सगळे जिव्हाळ्याचे लेखन या विसंगतीला वळसा घालून जाते.

विधवा विणते, म्हणजे विणणे हे तिचे सांत्वन आहे काय? लेखिकेने स्वतःच आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांच्यातील सेंद्रिय नाते सांगितले आहे, आणि तरुण मुलाच्या मृत्यूचे दुःखही याच आत्मकथनात नोंदवले आहे. समीक्षेने या नात्याचे तत्परतेने रूपक केले: लेखन म्हणजे वीण, वेदनेची वीण. रूपक खोटे नाही. पण ते फार लवकर सुंदर होते. ‘वीण’ म्हटले की बांबूच्या कामटीने कापलेली बोटे, टोपलीची किंमत, वरून टाकलेली नाणी हे सर्व मागे पडते. आई विणते ती दुःख विसरण्यासाठी नव्हे. उद्याचा तांदूळ आणण्यासाठी. त्या कामात दुःख वाहून नेले जाते, हे खरे. परंतु ते कामाचे फळ आहे, हेतू नव्हे. हा फरक न पाळणारी समीक्षा सवर्ण गिऱ्हाइकासारखीच वागते: वस्तूवर सौंदर्याचे पाणी शिंपडून ती घरात घेते आणि विणणारीला दाराशी ठेवते.

४

या मुद्द्याला गिरणगावाच्या इतिहासात एक विदारक जोड आहे. बांबू विणणाऱ्या या समाजातील माणसे गिरण्यांत आली, तेव्हा त्यांना विणकामापासूनच दूर ठेवले गेले. साचेखात्यात धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी ते तोंडाने शोषावे लागे. एकाच धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागेल, या सबबीवर दलित कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. तेथील मजुरी अधिक होती. १९२८च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपनेतृत्वासमोर ठामपणे उभा केला. ते स्वतः परळच्या चाळीत दीर्घकाळ राहिले होते. कामगार एकतेची घोषणा आणि चाळीतील वास्तव यांमधले अंतर त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

‘कामगार साहित्य’ या संज्ञेत हा धोटा कोठे बसतो? गावात सूप विणणारा हात त्याज्य नव्हता, फक्त त्याचा स्पर्श त्याज्य होता. गिरणीत मात्र विणण्याचे कामच नाकारले गेले. गाव आणि शहर यांना जोडणारी साखळी केवळ सणाची आणि मनीऑर्डरची नव्हती. ती जातीचीही होती.

या पार्श्वभूमीवर गिरणगावच्या दोन गीतांकडे पाहता येते. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घुमली. मुंबईत आलेल्या पुरुषाचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचा विरह ती एकात गुंफते. एका खाजगी वियोगाला राजकीय शोकाचे परिमाण देण्याची ही किमया मोठीच आहे. मात्र मैना तेथे सोडून जाणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसते. नारायण सुर्वे यांचे ‘डोंगरी शेत’ हे गीत उलट दिशेने चालते. तेथे बोलणारी बाईच आहे, आणि ती विरहाबद्दल नव्हे, उतारावरच्या शेतातील तण काढण्याच्या कष्टाबद्दल बोलते. हे लिहिणारा कवी शेतकरी नव्हता. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला वाढवले. पुढे ते निवृत्त होऊन कोकणातल्या गावी गेले आणि मुलगा मुंबईतच मागे उरला. ज्याला सणाला परतण्याजोगे गावच नव्हते त्याने गाव रम्य केले नाही, त्यातले काम पाहिले. स्मरणरंजनाच्या आरोपाला याहून चांगले उत्तर मराठी कवितेत शोधावे लागणार नाही.

५

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जगणे बदलले आणि हा सांधाही खिळखिळा केला. सणाला गावी जाणारा माणूस कमावता असतो, या गृहीतावर ती सारी ये-जा उभी होती. काम गेल्यावर गाव हे सुटीचे ठिकाण राहिले नाही. अनेकांसाठी ते हरल्यावर परतायचे ठिकाण झाले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाच्या शीर्षकातच ही अवस्था आहे. धुरी कुटुंबाचे दुःख एका मृत्यूचे नाही. त्याला तेरावा नाही, वर्षश्राद्ध नाही. माणूस गेला तर पाट रिकामा ठेवता येतो. गिरणी गेली तर काय रिकामे ठेवायचे? परंपरेने मृत्यूला भाषा दिली होती, बेकारीला दिली नव्हती. ती भाषा नाटककाराला घडवावी लागली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासाचे मोलही येथेच आहे: ज्या शोकाला विधी नव्हता त्याला त्यांनी किमान साक्ष मिळवून दिली.

त्याच लालबागेत गणेशोत्सव मात्र वाढत गेला. १९२८चा गणेशगल्लीचा आणि १९३४चा लालबाग बाजाराचा, हे उत्सव गिरण्यांच्या भरभराटीत रुजले आणि गिरण्या संपल्यावर अधिक उंच झाले. यात केवळ बाजार पाहणे अपुरे आहे. ज्यांच्या घरचा हिशेब अपुरा राहिला त्यांचा सामुदायिक उच्चार या गर्दीत नाहीच, असे म्हणता येणार नाही. पण त्या उंचीत घडवणारा हात आणखी दूर गेला आहे, हेही तितकेच खरे.

याच परिसरात, दादरला, आणखी एक गर्दी दरवर्षी जमते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसे १९५६चा मृत्यू स्मरतात. जुन्या सणांतून बाहेर पडलेल्या, किंवा त्यांतून मुळातच बाहेर ठेवल्या गेलेल्या समाजाने येथे शोकाचाच दिवस एकत्र येण्याचा दिवस केला. या दिवशी विधवेला वगळले जात नाही, कोणाच्या वस्तूवर पाणी शिंपडले जात नाही, आणि परतताना माणसे पुस्तके विकत घेऊन जातात. सण शोकाला मुदत घालतो. येथे मुदत नाही, म्हणून येथे येणारी विधवाही परकी नाही. ‘आयदान’मधील आईने विणलेल्या टोपल्यांतून जे शिक्षण उभे राहिले त्याचे नाते या पुस्तकांशी आहे, असे मी मानतो.

मराठी समीक्षेपुढचे काम यातून स्पष्ट होते. हस्तकर्माला रूपक करण्यापूर्वी ते कर्म कोणाचे, त्याची किंमत कोणी ठरवली आणि सणाच्या दिवशी तो हात कोठे होता, हे विचारले पाहिजे. दुःखाची वीण वाखाणणाऱ्याने निदान सूप कोणी विणले एवढे तरी सांगावे.