बरगडी काढायची का? ‘पुरावा नाही’ या वाक्याचा अर्थ

हात वर केला की मुंग्या येतात, मान-खांदा ठणकतो, बोटं बधिर होतात. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत हाताकडे जाणारे मज्जातंतू किंवा रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या, की होणाऱ्या या त्रासाला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. उपचार शोधायला गेलात तर एका टोकाला व्यायाम आणि दुसऱ्या टोकाला थेट पहिली बरगडी काढण्याची शस्त्रक्रिया दिसेल. मग साहजिकच प्रश्न पडतो: संशोधन काय म्हणतं?

या प्रश्नाला हमखास पुढे केला जातो तो 2014 चा कॉक्रेन आढावा. जगभरच्या चाचण्या कडक निकषांनी चाळणं हे कॉक्रेनचं काम. या चाळणीतून फक्त दोन चाचण्या उरल्या. पहिलीत 55 रुग्ण होते. त्यात काखेतून बरगडी काढणं आणि बरगडी न काढता मज्जातंतू मोकळे करणं, अशा दोन शस्त्रक्रियांची तुलना होती. बरगडी काढलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, पण पुराव्याचा दर्जा अगदी खालचा ठरला. दुसरीत 38 रुग्णांच्या मानेच्या स्नायूंत बोटॉक्स किंवा नुसतं सलाईन टोचलं. फारसा फरक दिसला नाही.

आढावा प्रामाणिक आहे, पण तो वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे, शीर्षकात सगळा सिंड्रोम आहे आणि पुरावा मात्र एकाच प्रकाराचा. मज्जातंतू दाबले जाण्याचा प्रकार 90 टक्क्यांहून जास्त रुग्णांत असतो, आणि त्याच्या निदानावरच तज्ज्ञांचे वाद आहेत. हात वर धरून मुठी उघडमीट करायची तपासणी तर निरोगी माणसांतही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. शीर किंवा धमनी दाबली जाणं हे दुर्मीळ, पण वेगळंच प्रकरण. हात अचानक सुजला, निळसर पडला, तर शिरेत गुठळी असू शकते. तिथे ‘पुरावा नाही, थांबून बघू’ असं म्हणायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. गुठळी विरघळवण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत जास्त उपयोगी पडतात.

दुसरं म्हणजे, रुग्णाचा प्रश्न असतो ‘शस्त्रक्रिया करू की नको?’ आणि चाचणीने विचारलं ‘ही की ती?’ गावाला जायचं की नाही हेच ठरलेलं नाही आणि आपण एसटी बरी की रेल्वे यावर भांडतोय! त्यामुळे ‘शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरली’ असंही या आढाव्यातून निघत नाही. तो प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारलाच नव्हता.

2022 मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीने तो विचारला. व्यायामाने बरं न वाटलेले 50 रुग्ण घेतले. काहींची शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांचे आधीचेच उपचार चालू ठेवले. तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाचा हात स्पष्टपणे जास्त चालत होता. ही मोठीच भर आहे. पण तुलना कशाशी होती, ते बघा: जो उपचार आधीच फसला होता, त्याच्याशीच. शिवाय आपल्यावर शस्त्रक्रिया झाली हे रुग्णाला माहीत होतं, आणि सुधारणा मोजली ती त्यानेच भरलेल्या प्रश्नावलीवरून. हा आक्षेप नुसता काथ्याकूट नाही. 2002 मध्ये अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवातावरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं होतं.

बरं, व्यायामाचं काय? 1956 मध्ये हे नाव रूढ करणारा मेयो क्लिनिकचा लेख व्यायामोपचाराबद्दलच होता. तरी 2014 च्या आढाव्यात व्यायामाची एकही चाचणी बसली नाही. म्हणजे ‘आधी फिजिओथेरपी’ हा सल्ला योग्य आहे, पण तो चाचण्यांनी सिद्ध झालाय म्हणून नाही, तर त्यात गमावण्यासारखं फार थोडं आहे म्हणून. बरगडी काढताना फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते, मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझा प्रकार नेमका कोणता? हाच आजार आहे हे कशावरून, मानेतली गादी किंवा मनगटातला दाब नाही हे तपासलं का? आणि अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्यात, वर्षभरानंतर ते रुग्ण कसे आहेत? ‘पुरावा नाही’ हे वाक्य ऐकून ना घाबरा, ना निर्धास्त व्हा. कशाचा पुरावा नाही, तेवढं मात्र विचारा.