सावलीचं नाव

सुपर मारिओ म्हटलं की उड्या मारत धावणारा, फारसं न बोलणारा गडी आठवतो. त्याच मालिकेतून फुटलेल्या ‘पेपर मारिओ : द थाउजंड-इयर डोअर’ (२००४) या रोल-प्लेइंग गेममध्ये मात्र राज्य शब्दांचं आहे. पात्रं कागदाची, लढाया रंगमंचावर. वेळ साधून बटण दाबलं की प्रेक्षक खूश होतात आणि त्यांच्या दादेतूनच मारिओला खास शक्ती मिळते. हे सगळं मी गालातल्या गालात हसत खेळत होतो. चौथ्या प्रकरणाशी थबकलो.

तिथं डूप्लिस नावाचा चोर मारिओचं रूप आणि नाव दोन्ही पळवतो. मारिओची नुसती सावली उरते. जुने सोबतीही तोतयाबरोबर जातात. सुटकेसाठी चोराचं नाव सांगायचं, पण इंग्रजी आवृत्तीत अक्षरफलकावरून नेमकं ‘पी’ गायब! या निनावी मारिओच्या मदतीला येते विव्हियन, शत्रूपक्षातल्या तीन सावल्यांपैकी धाकटी.

मूळ जपानीत थोरली तिला बहीण मानायला तयार नाही. तू पुरुष आहेस, असं हिणवते. २००४च्या इंग्रजी भाषांतरानं हे गाळलं आणि टोमणे फक्त तिच्या रूपावर वळवले. नाव हिरावलेल्याला तिनंच का जवळ करावं, याचं उत्तर त्याबरोबर गेलं. डूप्लिसनं मारिओचं जे केलं, तेच भाषांतरानं विव्हियनचं केलं. २०२४च्या नव्या आवृत्तीत ती स्वतः सांगते, की आपण भाऊ नसून बहीण आहोत हे उमगायला वेळ लागला. दोन-तीन वाक्यंच, पण सगळं प्रकरण त्यांनी उजळतं.

मराठीत हे कसं आणता येईल? बंगालीत क्रियापदाला लिंग नाही. प्रमाण मराठीत मात्र ते लपत नाही. वर ‘खेळत होतो’ लिहिलं तिथंच माझं लिंग वाचकाला कळलं. थोरली म्हणेल ‘तू आलास’, विव्हियन उत्तर देईल ‘हो, आले’. सगळं भांडण एवढ्या दोन क्रियापदांत मावेल. ते गाळायचं ठरवलं, तर मराठी भाषांतरकाराला थोरलीच्या तोंडी ‘आलीस’ घालावं लागेल, आणि तेही प्रत्येक वाक्यात, जाणूनबुजून.