साक्ष किती, अनुमान किती?

पश्चिम किनाऱ्यावरील आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकांविषयी दोन टोकांची मते आढळतात. भाविक वाचक घटनेबरोबर चमत्कारही स्वीकारतो. चिकित्सक म्हणवणारा चमत्कारापायी घटनाही नाकारतो. संपूर्ण कथेला एकच साक्ष मानणे, ही दोघांचीही चूक होय.

एप्रिल १३२१ मध्ये ठाणे येथे टॉमस, जेम्स, पीटर व डेमेट्रियस या चार फ्रान्सिस्कनांची हत्या झाली. त्यांचा सोबती, डॉमिनिकन पंथाचा जॉर्डॅनस, तेव्हा आपल्या सुरतेजवळच्या भडोचकडे निघाला होता. मागे फिरून त्याने सोपारा येथे त्यांचे दफन केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात खंभातच्या आखातापलीकडील घोघ्याहून त्याने धाडलेले पत्र आज उपलब्ध आहे. काळ निकटचा, लेखक माहीतगार. हत्येविषयी शंका घेण्यास फारसा आधार उरत नाही.

चमत्कारांचा तपशील मुख्यतः ओडोरिकच्या प्रवासवृत्तात येतो. हा फ्रान्सिस्कन ठाण्यास आला तो हत्येनंतर. वृत्तांत त्याने सांगितला १३३० मध्ये, पादुआ येथे. जेम्सला आगीत टाकूनही तो भाजला नाही, ही हकीकत त्यामुळे ऐकीव ठरते. दुसरी कथा मात्र अधिक विचारात पाडणारी आहे. हुतात्म्यांच्या अस्थी घेऊन ओडोरिक चीनकडे निघाला असता वारा पडला; एक अस्थी समुद्रात टाकताच तो सुटला, असे तो सांगतो. येथे तो स्वतः साक्षीदार आहे. तथापि त्याने पाहिला तो वारा. अस्थीमुळे वारा सुटला, हे त्याचे अनुमान. प्रामाणिक माणसाची साक्षही त्याच्या अनुमानाला पुराव्याची प्रतिष्ठा देऊ शकत नाही.

हीच कसोटी आपण आपल्या परंपरेलाही लावली पाहिजे. ज्ञानेश्वरांनी भिंत चालविली की नाही, यावर त्यांचे ऐतिहासिकत्व अवलंबून नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आलेला शके १२१२ चा उल्लेख हा स्वतंत्र पुरावा आहे. परक्यांच्या चमत्कारांना दस्तऐवज मागायचा आणि आपल्यांपुढे हात जोडायचे, याला चिकित्सा म्हणता येणार नाही. श्रद्धेला तिचे स्थान अवश्य असावे. इतिहासाच्या पानावर मात्र प्रत्येक विधानापुढे एकच प्रश्न लिहावा लागतो: हे कोणी पाहिले, आणि नेमके काय पाहिले?